आधी कान, मग जीभ

‘मूकबधिर’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. शाळांच्या पाट्यांवरही तो दिसतो. त्यात मुकेपण आधी आणि बहिरेपण मागून आलंय. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं घडतं. मुलाची जीभ धड असते, गळा धड असतो. कानावर शब्द पडत नाहीत म्हणून ते तोंडातून येत नाहीत. पण न बोलणं चारचौघांना कळतं आणि न ऐकणं कळत नाही. म्हणून जन्मापासून बंद असलेला कान घरच्यांच्या ध्यानात यायला तीन-तीन, चार-चार वर्षं जातात. ही वर्षं वाचवायची धडपड कशी झाली, ते आज सांगते.

अशा मुलांसाठी भारतातली पहिली शाळा आपल्याच मुंबईत, माझगावला निघाली. साल १८८५. कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांनी ती काढली. त्याआधी पाचच वर्षं इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली होती. मुलांना हातांच्या खुणांनी शिकवायचं नाही, तोंडानेच बोलायला लावायचं, असं तिथे ठरलं. मला तो ठराव अन्यायाचाच वाटतो. त्याच्यामुळे पुढे कित्येक पिढ्यांच्या मुलांची खुणांची भाषा शाळांतून हद्दपार झाली. पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. मूल शाळेत यायचं तेव्हा भाषा शिकायची पहिली चार-पाच वर्षं घरीच संपलेली असायची. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही, हे ओळखायचं कसं, तेच तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

आपण घरी काय करतो? बाळाच्या मागे ताट आपटतो. बाळ दचकलं की म्हणतो, ऐकतंय! पण ताट आपटलं की लादी थरथरते, सावली हलते. ठार बहिरं बाळसुद्धा वळून बघेल. शिवाय ज्याला थोडंच ऐकू येतं, त्याला ताट ऐकू जातं आणि आईचं बोलणं जात नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आयरीन आणि अलेक्झांडर यूइंग या नवरा-बायकोनं १९४४ साली अगदी वेगळी रीत मांडली. बाळ आईच्या मांडीवर. एकीनं समोरून त्याला रमवायचं. दुसरीनं मागे, त्याच्या नजरेआड राहून कपात चमचा हलकेच फिरवायचा नाहीतर कागद चुरगळायचा. मोठ्या आवाजापेक्षा रोजच्या हलक्या आवाजाकडे बाळ जास्त वळतं, हे त्यांनी हेरलं होतं. सात-आठ महिन्यांच्या बाळांसाठी ही रीत इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं चालली. तिच्यातूनही पुष्कळ बाळं निसटायची, तेव्हा घरी वाटी-चमचा वाजवून निर्धास्त होऊ नका.

दुसरी फसगत होते ती बाळाच्या स्वतःच्या आवाजाने. ‘आमचा तर दिवसभर ओरडतो, हुंकार देतो, मग बहिरा कसा असेल?’ असं किती जणी म्हणतात! १९६५ साली अमेरिकेत एरिक लेनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहिऱ्या आईबापांच्या आणि ऐकणाऱ्या आईबापांच्या तान्ह्या बाळांचे आवाज टेप केले. पहिल्या तीन महिन्यांत रडण्यात आणि हुंकारण्यात काही मोठा फरक निघाला नाही. म्हणजे हुंकार देण्यासाठी काही ऐकावं लागत नाही.

फरक पडतो तो पुढे. किम्ब्रो ओलर आणि रेबेका आयलर्स या दोघांनी १९८८ मध्ये तो दाखवला. ‘आऽऽ’, ‘गूंऽ’ हे वेगळं आणि ‘बाबाबा’, ‘दादादा’, ‘मामामा’ हे वेगळं. दुसऱ्यात अक्षरं सुटी सुटी, ठसठशीत येतात. त्यांनी पाहिलेली ऐकणारी बाळं सहा ते दहा महिन्यांत अशी अक्षरं काढायला लागली. बहिऱ्या बाळांना अकरा महिने उलटून गेल्यावर ती जमली, काहींना तर दोन वर्षं लागली. पुढे ओलर यांनी शेकडो आईबापांना नुसतं विचारलं, की बाळ कसे आवाज काढतं? विचारणारीनं प्रश्न नीट विचारला, तर कसलंही शिक्षण न घेतलेल्या आयांचं उत्तरही बहुधा बरोबर निघालं. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आणखी एक. १९९१ मध्ये कॅनडातल्या लॉरा पेटिटो यांना दिसलं, की ज्या बहिऱ्या बाळांचे आईबाप खुणांनी बोलतात, ती बाळं त्याच वयात हातांनी ‘बाबाबा’ करतात. बाळाला भाषा हवी असते, मग ती कानावाटे येवो की डोळ्यांवाटे. मिलानच्या शिक्षकांना हे दाखवायला हवं होतं!

घाई कशासाठी, तेही सांगते. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की सहा महिन्यांच्या आत बहिरेपण कळून उपाय सुरू झाले, तर मुलाची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा बरीच पुढे जाते. इतक्या लवकर कळणं शक्य झालं ते लंडनच्या डेव्हिड केम्प यांच्यामुळे. धडधाकट कान स्वतःही बारीक आवाज बाहेर टाकतो, हे त्यांनी १९७८ मध्ये शोधलं. बाळ झोपलेलं असताना कानात छोटी नळी ठेवून तो आवाज मोजतात. दुखत नाही, काही मिनिटांचं काम.

आपल्याकडे वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. तपासायच्या यादीत ऐकणं आहे, उशिरा बोलणंही आहे. तरी गोवंडीत आमच्या बचत गटांत ‘मुलाच्या कानाचं मशीन’ म्हणून कर्ज मागायला बाई येते, तेव्हा मूल बहुतेक चार-पाच वर्षांचं असतं. मधल्या काळात कुणी जीभ जड आहे म्हणून वेखंड घासून लावलेलं असतं, कुणी ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून धीर दिलेला असतो. कुणी वाईट हेतूनं करत नाही. पण महिने जातातच.

गोवंडीला आणखी एक धोका आहे. २०२२ च्या शेवटी इथे गोवराची साथ आली, लेकरं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. गोवरानं कानही जाऊ शकतो. आणि गरोदरपणात आईला रुबेला झाला, तर पोटातलं बाळ बहिरं जन्मू शकतं. लस या दोन्हींवर आहे.

तेव्हा दहा महिने झाले आणि बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ करत नसेल, तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. कारण कानाचंच असेल असं नाही, ऐकू येणारी काही मुलंही वेगळ्या कारणांनी मागे राहतात. पण पहिली तपासणी कानाचीच. अंगणवाडी ताईंना सांगा, आशाताईंना सांगा. थेट जायचं असेल, तर गोवंडीहून हार्बरच्या गाडीनं वडाळा, तिथे गाडी बदलून वांद्रे, आणि स्टेशनच्या पश्चिमेला रेक्लमेशनवर ही संस्था आहे. बाळाचं लसीकरणाचं कार्ड बरोबर ठेवा. आणि बाळ कोणकोणते आवाज काढतं, ते तुम्ही ऐकलंत तसंच डॉक्टरांना करून दाखवा.