दगडाला लेप हवा काय?

आदर्श नगरातील ज्या घरात आम्ही बदलीनिमित्त भाड्याने राहतो, त्याच्या देवघराला मकराण्याच्या संगमरवराची फरशी आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला समईचे तेल तिच्यावर सांडले, ते रात्रभर तसेच राहिले आणि सकाळी डाग दिसला. घरमालक सज्जन, रागावले नाहीत. मात्र घरातील सगळ्या दगडाला रासायनिक लेप द्यावा काय, असे त्यांनी आम्हांस विचारले. निम्मा खर्च आमच्या अंगावर येणार होता. कारकुनाने पूर्वदाखले पाहिल्यावाचून मत देऊ नये. म्हणून ते आम्ही पाहिले.

पहिला दाखला ह्याच शहराचा. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या जयपुराचा प्रसिद्ध गुलाबी रंग पुष्कळ ठिकाणी चुन्याच्या गिलाव्यावरचा आहे. १८७६ साली ब्रिटिश युवराजाच्या भेटीसाठी तो दिला गेला. महालांच्या भिंतींना येथील कारागीर ‘आराइश’ करीत. चुना व संगमरवराची भुकटी यांचे थर द्यावयाचे, अकिकाच्या खड्याने घोटावयाचे आणि शेवटी खोबरेल लावावयाचे. झिलई आरशासारखी, तरी पोटात चुना असल्याने भिंतीतील ओलीला बाहेर पडण्यास वाट राही.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्रातला, आणि कटू आहे. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजाम सरकारने चेकोनी व ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. १९२० ते १९२२ च्या सुमारास त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. हेतू रक्षणाचाच होता. परंतु रोगण पिवळे पडले आणि ते उतरविण्याचे नाजूक काम पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले.

तिसरा दाखला ताजमहालाचा. तोही मकराण्याच्याच दगडाचा. तो पिवळसर पडू लागला, तेव्हा पुरातत्त्व खात्याने त्यावर मुलतानी मातीचा लेप दिला. मळ शोषून घेतल्यावर तो धुऊन टाकावयाचा, असा हा पाहुणा लेप!

मग आम्ही दगडांनाच विचारले. प्रत्येकावर पाण्याचे थेंब टाकून पाव तास थांबलो. देवघराच्या फरशीवर थेंब जवळजवळ तसाच राहिला; स्वयंपाकघराच्या वालुकाश्माच्या ओट्याने तो पाहता पाहता पिऊन टाकला. अंगणातील फरशीही तहानलेली निघाली. पण तिला जमिनीची ओल खालून चढते. वरून तोंड बंद केल्यास ओल व क्षार आत कोंडून दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय लेप डाग मुरू देत नाही, एवढेच. लिंबाचा किंवा चिंचेचा आंबटपणा संगमरवराची झिलई खातो, त्यावर त्याचा इलाज चालत नाही.

आमचा अभिप्राय मालकांनी मान्य केला. ओट्याला मुरणारा द्राव दिला, अंगण उघडे ठेवले. देवघरात मुलतानी माती दोनदा लावली. डाग फिकट झाला, पुरता गेला नाही. आता समईखाली ताम्हण असते.