स्टार्टरच्या पेटीतला कान

काटोलच्या शिवारात संत्र्याचा बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी देऊन तो तोडायचा. आंबिया बहाराला ही वेळ नेमकी कडाक्याच्या थंडीत येते. त्यातून कृषी फीडरची थ्री फेज लाईन पाळीने येणार, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीचं ओलित म्हणजे हातात टॉर्च आणि धुऱ्यावर साप-विंचवाची धास्ती. एवढं करून विहिरीपाशी पोचावं आणि हिरवं बटण दाबावं, तर लाईन गेलेली.

यावरचा जुना तोडगा म्हणजे ‘ऑटो’. लाईन आली की मोटर आपोआप चालू. मालकाची झोप वाचते, डीपीची, म्हणजे गावच्या रोहित्राची, मात्र वाट लागते. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. गावातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या की रोहित्र बसलंच म्हणून समजा. ऑटो काढा आणि कॅपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे.

मग आला मोबाईल स्टार्टर. स्टार्टरशेजारी एक छोटी पेटी, तिच्यात सिमकार्ड. घरून फोन लावायचा, पेटी तो उचलते, ठरलेलं बटण दाबायचं, मोटर चालू. या पेटीचं कूळ शोधत गेलं तर गंमत दिसते: तिच्यातला एकही महत्त्वाचा भाग शेतासाठी जन्मलेला नाही.

बटण दाबल्यावर ‘टूं’ वाजतं, तो एक सूर नसून दोन सुरांची जोडी असते. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत बेल कंपनीने बटणांचे टेलिफोन ग्राहकांना दिले, तेव्हापासूनची ही जोडी. ‘१’ दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्‌झ एकदम वाजतात. असे एकूण आठ सूर, चार खालचे, चार वरचे. ते मुद्दाम एकमेकांशी न जुळणारे निवडले, म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजाने किंवा शिट्टीने यंत्र सहजासहजी फसू नये.

हे सूर वाजवणं सोपं, ओळखणं अवघड. त्या कामात नाव काढलं कॅनडातल्या मायटेलने. मायकेल काउपलंड आणि टेरी मॅथ्यूज या दोघांनी १९७३ साली ही कंपनी काढली ती गवत कापायची यंत्रं आयात करण्यासाठी, असं सांगतात. गवताचा धंदा राहिला बाजूला आणि दोघे टेलिफोनच्या सुरांकडे वळले. पुढे त्यांची एमटी ८८७० ही अठरा पायांची चिप जगभर गेली. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत किती मुलांनी तिच्यावर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काढला असेल, त्याची गणती नाही.

या चिपच्या पोटातली युक्ती विहिरीवरच्या माणसाला चटकन कळेल. सूर वेगळे करायला चाळणी लागते आणि चाळणीला अचूक रेझिस्टर लागतो. सिलिकॉनवर तोच धड निघत नाही. ठरवावा एक, तर उतरतो वीस टक्के कमी नाही तर जास्त. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी यावरचा जो उपाय रुळवला, तो समजायला मोट आठवावी. पाण्याची धार किती, हे मोट केवढी आणि बैलांच्या खेपा किती यावर ठरतं. तसाच रेझिस्टरच्या जागी एक चिमुकला कॅपॅसिटर बसवला. स्विच एकदा इकडे, एकदा तिकडे. भरायचा, ओतायचा, सेकंदाला हजारो खेपा. वीज रेझिस्टरमधून गेल्यासारखीच वाहते. खेपा घड्याळाने बांधलेल्या, आणि दोन कॅपॅसिटरांचं प्रमाण सिलिकॉनवर फार काटेकोर साधतं. (मोट आणि मोटर हे नातं मात्र कानापुरतंच, दुसरा शब्द लॅटिनच्या घरचा.)

ही चिप १५ मिलिवॉटच्या आसपास भागवते. पाच अश्वशक्तीच्या मोटरपुढे हा अडीच लाखावा हिस्सा झाला.

खेपा मोजणारं घड्याळ हा आणखी एक उसना ऐवज. चिपशेजारच्या चकचकीत स्फटिकावर ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झ असा आकडा असतो. तो अमेरिकी रंगीत टीव्हीचा. तिथे टीव्ही लाखोंनी बनत, म्हणून हा स्फटिक कवडीमोल भावात मिळे. मायटेलने तोच धरला. भारतातल्या टीव्हीला ४.४३ मेगाहर्ट्‌झचा लागे, त्यामुळे इथल्या टीव्हीत त्याचा उपयोग नव्हता.

पाच व्होल्टची चिप आणि चारशे व्होल्टची लाईन यांची गाठ तारेने घालून चालत नाही. कित्येक सर्किटांत मध्ये ऑप्टोकपलर असतो. एका काळ्या तुकड्यात इवलासा एलईडी लागतो, समोरचा प्रकाश ओळखणारा भाग जागा होतो आणि पुढचा स्विच ओढला जातो. दोघांमध्ये फक्त उजेड जातो, वीज नाही. पेटीचे बाकीचे भाग तिन्ही फेज आहेत का ते बघतात. विहीर आटून मोटर कोरडी फिरू लागली की करंट उतरतो, तोही टिपतात.

हे सगळं शेतावर आणणाऱ्यांत पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नाव आधी घ्यावं लागतं. पेशाने दूरसंचार अभियंता. आजोबांची रात्रीबेरात्री पंपापर्यंत होणारी पायपीट त्यांनी पाहिली होती. त्यातून नव्वदच्या दशकात ‘नॅनो गणेश’ आकाराला आला, तेव्हा मोबाईल सामान्यांच्या हातात नव्हता. २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. पण माझ्या मते खरा रस्ता त्याआधी, २००३ साली मोकळा झाला होता. त्या वर्षी देशात येणारे कॉल फुकट झाले. दिवसरात्र फोन घ्यायचा, करायचा क्वचितच, अशा यंत्राला याहून मोठी सवलत कोणती?

नव्या पेट्यांत सूर ऐकणाऱ्या चिपचा हा वेगळा कान बहुधा नसतो. तेच काम मायक्रोकंट्रोलर गणिताने करतो, १९५८ साली जेराल्ड गोर्ट्झेल यांनी मांडलेल्या पद्धतीने. ‘१’ दाबल्यावर मात्र अजूनही ६९७ आणि १२०९ हेच दोन आकडे शोधले जातात.