यकृतविकारी रुग्णांचे कोविड लसीकरण : निर्णय आणि पुरावा यांचा क्रम

लस टोचलेल्या माणसासही रोग झाला, तर लस फसली असे म्हणावे काय, हा प्रश्न मुंबईस नवा नाही. १८९७ साली प्लेगची लस सिद्ध करताना वाल्डेमार हाफकिन यांच्यापुढे तोच होता. पटकीच्या टोचणीने रोग होण्याचे प्रमाण घटले, परंतु रोग झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण घटले नाही, असा त्यांचा बंगालमधील अनुभव होता. म्हणून प्लेगच्या लसीत त्यांनी मृत जंतूंबरोबर जंतूंच्या वाढीत उत्पन्न होणारे विषही राखले. बाधेपासून बचाव आणि मृत्यूपासून बचाव या दोन निराळ्या गोष्टी होत, हा भेद तेव्हाच स्पष्ट झाला होता. कोविडच्या काळात, लसीनंतरच्या प्रत्येक बाधेस अपयश समजणाऱ्या चर्चेत, त्याचे भान फारसे उरले नाही.

यकृतविकारी रुग्णांच्या बाबतीत हे भान अत्यावश्यक होते. २९ देशांतील ७४५ कोविडग्रस्त यकृतरुग्णांच्या नोंदींत सिरोसिस नसलेल्यांपैकी ८ टक्के, तर सिरोसिस असलेल्यांपैकी ३२ टक्के दगावले. यकृत पार खचलेल्यांत हे प्रमाण ५१ टक्क्यांवर गेले. दुसरीकडे, अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती मुळातच क्षीण असते. हेपाटायटिस बी च्या लसीस ती पुरेसा प्रतिसाद देत नाही, हे वैद्यकास पूर्वीपासून ठाऊक होते.

असे असूनही चाचण्यांत हे रुग्ण जवळजवळ नव्हतेच. फायझरच्या चाचणीतील सुमारे ३८ हजार व्यक्तींपैकी यकृतविकार होता केवळ २१७ जणांस. त्यांतही मध्यम वा तीव्र विकाराचे तिघेच. म्हणजे १ मार्च २०२१ रोजी भारत सरकारने ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधिग्रस्तांस लस खुली केली आणि त्या वीस व्याधींच्या यादीत जलोदर, कावीळ अशा अवस्थेस पोचलेला सिरोसिस घातला, तेव्हा निर्णयाचा आधार धोक्याची जाणीव हा होता. लसीच्या गुणाचा पुरावा नव्हे. निर्णय योग्यच होता, पण त्याचे समर्थन मागाहून मिळाले.

ते अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतून आले. सिरोसिस असलेल्या २०,०३७ लसवंतांची तेवढ्याच लस न घेतलेल्यांशी तुलना करता पहिल्या २८ दिवसांत फरक दिसला नाही. त्यानंतर मात्र बाधेचे प्रमाण ६४.८ टक्क्यांनी घटले. यकृत अद्याप तग धरून असलेल्यांत ६६.८, खचलेल्यांत ५०.३ टक्क्यांनी. त्या अवधीत लसवंतांपैकी एकही कोविडमुळे रुग्णालयात गेला नाही वा मरण पावला नाही. पुढे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीनंतर बाधा झालेल्या २५४ सिरोसिसग्रस्तांचा मृत्यूचा धोका लस न घेतलेल्यांच्या सुमारे एकपंचमांश आढळला. हाफकिन यांनी ज्याचा ध्यास घेतला तो दुसरा बचाव हाच.

तथापि हे आकडे जपूनच वापरले पाहिजेत. पहिल्या अभ्यासातील लसी मार्च २०२१ पर्यंतच्या, म्हणजे डेल्टा विषाणूचा फैलाव होण्यापूर्वीच्या. पाहणीतील व्यक्ती बहुतांशी वयस्क पुरुष. आणि लसी एम-आरएनए पद्धतीच्या. महाराष्ट्रातील रुग्णांस मिळाली ती प्रामुख्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड, आणि काहींस कोव्हॅक्सिन. या दोहोंची घडण निराळी. अमेरिकेतील टक्केवारी येथील रुग्णांस लावणे हे अनुमान होय, निरीक्षण नव्हे.