मिडी शो कंट्रोल

रंगमंचावरील वा प्रदर्शनदालनातील प्रकाश, ध्वनी, चित्रप्रक्षेपण आणि नेपथ्ययंत्रे यांच्या आगाऊ सिद्ध करून ठेवलेल्या क्रिया दुरून हुकूम पाठवून सुरू करण्याची, थांबविण्याची व रद्द करण्याची प्रमाणित संदेशपद्धती. वाद्ये परस्परांस जोडणाऱ्या १९८३ च्या मिडी प्रमाणकाचा हा विस्तार असून, चार्ली रिचमंड यांच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयातून त्याचा मसुदा तयार झाला व १९९१ मध्ये त्यास मान्यता मिळाली.

संदेशरचना : षोडशमान पद्धतीने लिहिल्यास प्रत्येक संदेश एफ० ने सुरू होतो व एफ७ ने संपतो. मध्ये प्रथम ७एफ हा तात्काळ अंमलाचा निर्देश, मग ग्राहक यंत्राचा क्रमांक, त्यानंतर ०२ ही या पद्धतीची खूण, पुढे खाते आणि अखेरीस हुकूम व त्याचा तपशील, असा क्रम असतो. यंत्रक्रमांक ०० ते ६एफ स्वतंत्र यंत्रांसाठी, ७० ते ७ई गटांसाठी आणि ७एफ सर्वांसाठी राखलेला आहे. खात्यांपैकी ०१ प्रकाशाचे, १० ध्वनीचे, २० यंत्रांचे, ३० व्हिडिओचे व ६० आतषबाजीचे. पहिल्या क्रमांकाच्या प्रकाशपटाला (दिवे नियंत्रित करणाऱ्या यंत्राला) १२.५ हा क्यू, म्हणजे आगाऊ सिद्ध केलेली क्रिया, सुरू करण्यास सांगावयाचे झाल्यास एफ० ७एफ ०१ ०२ ०१ ०१ ३१ ३२ २ई ३५ एफ७ असे अकरा बाइट धाडले जातात व सेकंदास ३१,२५० बिट या मिडीच्या वेगाने ते सुमारे साडेतीन सहस्रांश सेकंदात पोहोचतात.

योजना : तारेवरून जाते ते केवळ क्यूचे नाव; कोणता दिवा किती तेजाने व किती अवधीत उजळावा, याची नोंद तालमीतच ग्राहक यंत्रात केलेली असते. सामान्य हुकूम अकरा असून त्यांपैकी ‘गो’, ‘स्टॉप’ व ‘रिझ्यूम’ यांवरच बहुतेक प्रयोग निभावतात. ‘फायर’ हा हुकूम ० ते १२७ यांपैकी एका क्रमांकाचा मॅक्रो (यंत्रात साठविलेली हुकूममालिका) चालवितो. क्यूंचे क्रमांक दोन्ही टोकांस तंतोतंत जुळले नाहीत, तर हुकूम बिनबोभाट वाया जातो, कारण मूळ पद्धतीत पोच देण्याची सोयच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हेच तिचे सर्वांत मोठे वैगुण्य होय. पुढील आवृत्तीत यंत्राने प्रथम सिद्धतेची ग्वाही द्यावी आणि मगच अंमल व्हावा, अशी दोन टप्प्यांची तरतूद आली. तथापि उत्पादकांनी तिचा स्वीकार कितपत केला, याविषयी एकमत नाही.

सुरक्षितता : ज्वाला, स्फोट वा हलते व्यासपीठ यांच्या बाबतीत हा संदेश सुरक्षाव्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, असे प्रमाणकातच नमूद आहे; तेथे आणीबाणीची कळ आणि जागेवरील माणसाची प्रत्यक्ष अनुमती आवश्यक मानली आहे.

प्रसार : क्यूलॅब ही संगणकप्रणाली व ईओएस मालिकेतील प्रकाशपट ही पद्धती स्वीकारतात.