छाटणीच्या मुलखात ‘कट’

पुरणाची डाळ शिजल्यावर निथळून काढलेलं पाणी म्हणजे कट. त्याची आमटी होते. सत्ता उलथवण्यासाठी रचतात तोही कटच. मराठीत हे दोघे नांदत असताना इंग्रजांबरोबर तिसरा आला, तो कापाकापीचा.

हा ‘कट’ त्याच्या मायदेशातही जुना रहिवासी नव्हता. जुन्या इंग्रजी लिखाणात तो सापडत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. त्याआधी कापण्याचं मोठं काम आजच्या ‘कार्व्ह’चं पूर्वरूप करी. ‘कट’ रुळला आणि ‘कार्व्ह’ आक्रसत जाऊन शिजलेलं मांस कापण्यापुरता आणि लाकूड-दगड कोरण्यापुरता उरला.

मराठीत तर अशा क्रियापदांची रेलचेल. कांदा चिरायचा, मेथी खुडायची, ऊस तोडायचा, कागद कातरायचा, लाकूड तासायचं. शिंपी कापड बेततो. वस्तू, हत्यार किंवा हाताची चाल बदलली की क्रियापदही बदलतं.

मग ‘कट’ला जागा मिळाली कुठे? नव्या धंद्यांत.

बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्यासाठी २५ बोगदे खोदले गेले, डोंगर फोडले गेले. रुळांसाठी फोडलेल्या अशा खिंडीला रेल्वेची माणसं ‘कटिंग’ म्हणतात. शिंप्याच्या कारखान्यात बेतणारा आणि शिवणारा वेगळे झाले, तेव्हा बेतणारा ‘कटिंग मास्टर’ झाला.

सिनेमात हा शब्द अगदी शब्दशः खरा होता. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रं पाडण्याचं किचकट काम सरस्वतीबाई फाळके करत. पस्तीस मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर सोळा चित्रं मावतात. हवी तेवढी पट्टी कात्रीनं कापायची, टोकाचा थर खरवडायचा आणि पुढच्या पट्टीला डकवायची, अशी प्रसंगांची जुळणी होई. आता फिल्मही नाही आणि कात्रीही नाही, तरी दिग्दर्शक ‘कट’ म्हणूनच चित्रीकरण थांबवतो.

मुंबईच्या टपरीवर तर कापण्याची क्रियाच उरली नाही. तिथे ‘कटिंग’ म्हणजे अर्धा चहा: कमी पैशांत, उभ्या उभ्या संपणारा. दवाखान्यात मात्र ‘कट’ काळवंडला. रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणारी दलाली असा त्याचा अर्थ झाला, आणि ही ‘कट प्रॅक्टिस’ रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा करण्यासाठी महाराष्ट्र सरकारला २०१७ साली समिती नेमावी लागली.

एवढं फिरूनही ‘कट’नं मराठीतल्या कुणाचा ‘कार्व्ह’ केलेला नाही. शेतानं आणि स्वयंपाकघरानं आपली क्रियापदं सोडली नाहीत. नाशिकच्या द्राक्षबागांत वर्षातून दोनदा वेलींवर कात्री चालते. त्या कामांच्या नावात महिने इंग्रजी आहेत, क्रिया मराठी: एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी.