कुर्डुवाडीला चुकलेली गाडी



गोष्ट १९८३ सालची. मी तेव्हा लातूर जिल्ह्यात नर्स होते. पुण्यात परिचारिकांची परिषद होती आणि मला बोलायला दहा मिनिटं मिळणार होती. अडलेल्या बाळंतिणीला रात्री खेड्यातून दवाखान्यात न्यायला वाहन नसतं, ते परिषदेनं ठरावात मागावं, एवढंच मला सांगायचं होतं. नांदेडच्या एक सिस्टर त्यासाठी तक्ते घेऊन येणार होत्या.

लातूरहून छोट्या गाडीनं निघाले. बार्शीच्या अलीकडे रुळावर म्हशी बसलेल्या! त्या उठेपर्यंत वेळ गेला. कुर्डुवाडीला उतरले तर हमाल म्हणाला, "बाई, मोठी गाडी कवाच गेली." रात्र बायकांच्या वेटिंग रूममध्ये काढली. तिकडे सिस्टरांची मनमाडला गाडी बदलताना तारांबळ उडाली आणि तक्त्यांची गुंडाळी फलाटावरच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी पोचलो, तेव्हा ठराव होऊन गेले होते. कागदावर लिहिलं होतं, 'लातूर, नांदेड: गैरहजर'. कुणीतरी हसून म्हणालं, "मराठवाडा नेहमी उशिराच!"

ते वाक्य मला फार लागलं. मग मी या रुळांची माहिती काढली.

मुंबईहून मद्रासकडे जाणारी मोठी लाईन कुर्डुवाडीवरून गेली. तिचे रूळ साडेपाच फूट रुंद. तिथून बार्शीपर्यंत १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे आली, ती अडीच फुटांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं कमी खर्चात भरपूर माल वाहील अशी ती आखली होती. १९११ला ती लातूरला पोचली आणि इथल्या बाजारपेठेला तिनं मोठा हात दिला. पण लातूर निजामाच्या राज्यात. हद्दीवर करोडगिरीची, म्हणजे जकातीची तपासणी, आणि राज्यात चालायचा हाली शिक्का, बाहेर इंग्रजी रुपया. रूळ बदलायचे तसे पैसेही बदलायचे!

नांदेडची तऱ्हा वेगळी. सिकंदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातला रस्ता १९००च्या सुमारास सुरू झाला, तो मीटरगेज. म्हणजे शेजारच्या दोन गावांना दोन मापांचे रूळ आणि मुंबई-पुण्याचं माप तिसरंच. पुढे निजामाचं राज्य गेलं, बार्शी लाईट १९५४ला सरकारनं घेतली, पण मापं तीच राहिली. मनमाडकडचा रस्ता रुंद व्हायला १९९०चं दशक उजाडलं. लातूरहून कुर्डुवाडीपर्यंत सलग मोठी लाईन झाली ती २००८ साली. तोवर माझी नोकरी संपली होती.

त्या परिषदेनंतर आम्ही दोघी कुठंही जायचं तर एक दिवस आधी निघायचो. एक रजा जास्त जायची, घरी पोरांची सोय लावायला लागायची, सासूबाईंची बोलणी वेगळी. पुण्या-मुंबईच्या सिस्टरांना यातलं काहीच करावं लागत नव्हतं. वाहनाचा मुद्दा मी पुढच्या परिषदेत मांडला, पण मधल्या काळात किती बायका बैलगाडीतच बाळंत झाल्या असतील, ते कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या बचत गटाच्या, अंगणवाडीच्या बैठकीला लांबच्या वाडीवरची बाई उशिरा आली, तर आधी तिला पाणी द्या. ती कशी आली ते विचारा. मग तिचं म्हणणं ऐका. 'गैरहजर' लिहायची घाई करू नका.