रुपयाची घसरण आणि लंडनमधील एक विद्यार्थी

कोल्हापूरहून रत्नागिरीस जाणारा मार्ग मलकापूर मागे टाकून आंबा घाटात उतरतो. शाहूवाडी तालुक्यातील हे गाव पूर्वी विशाळगड जहागिरीचे मुख्य ठाणे होते आणि ती जहागीर कोल्हापूर संस्थानच्या अधीन होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मलकापूरचा वाटसरू घाट उतरला की संस्थानची हद्द संपून इंग्रजी मुलूख सुरू होई. पण त्याच्या कनवटीचा रुपया दोन्हीकडे त्याच मोलाने चाले. समुद्र ओलांडणाऱ्याचे मात्र तसे नव्हते. त्याला रुपयांचे पौंड करून घ्यावे लागत, आणि ते किती मिळतील हे हुंडणावळीच्या दरावर ठरे. या दराने एका विद्यार्थ्याची कशी परीक्षा पाहिली, ते आम्ही येथे मांडू इच्छितो.

तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २१ व २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराज तेथे उपस्थित राहिले, हे सर्वज्ञात आहे. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकपद सोडले होते. तेथे त्यांना दरमहा ४५० रुपये वेतन होते. त्यातून काटकसरीने राखलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर ते जुलै १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला निघाले.

तो काळ रुपयाच्या दृष्टीने विलक्षण होता. पहिल्या महायुद्धात चांदी महागली आणि रुपयाचा दर चढत गेला. फेब्रुवारी १९२० मध्ये तो २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास पोहोचला. सरकारने रुपया सोन्याच्या २ शिलिंगांशी बांधण्याचे ठरविले. परंतु लवकरच भारताची निर्यात मंदावली, आयात वाढली आणि दर कोसळू लागला. तो सावरण्यासाठी सरकारने लंडनवरील हुंड्या विकल्या. सप्टेंबर १९२० च्या अखेरीस तोही प्रयत्न सोडून दिला. नेमक्या त्याच सुमारास बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा दाखल झाले. १९२१ मध्ये दर १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली गेला.

याचा अर्थ काय, ते हिशेबाने पाहावे. १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड. रुपयाला २ शिलिंग मिळत असता २०० पौंडांना २,००० रुपये पुरत. १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने तेवढ्याच पौंडांना ३,००० रुपये लागत. विद्यार्थ्याने एक पैही उधळली नाही, तरी त्याची पुंजी आटली. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. अर्धपोटी दिवस काढणे, रात्री पापडावर भूक भागविणे या गोष्टी चरित्रग्रंथांतून आपण वाचतो. त्यांच्यामागे हुंडणावळीचा हा दरही उभा होता, हे ध्यानी घेतले पाहिजे.

विशेष हे की, ज्या रुपयाने त्यांना अडचणीत टाकले, त्याच रुपयाचा ते अभ्यास करीत होते. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, प्रा. एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. चलन काढण्याची अनिर्बंध मोकळीक सरकारच्या हाती असू नये आणि रुपयाचे मोल केवळ पौंडाच्या वा सोन्याच्या तुलनेत नव्हे, तर वस्तूंच्या तुलनेत स्थिर राहावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी हाच प्रश्न कष्टकऱ्यांच्या बाजूने मांडला. उतरत्या दराचा लाभ व्यापारी वर्गाला होतो आणि त्याची किंमत मजुराला मोजावी लागते. कारण महागाईच्या वेगाने मजुरी वाढत नाही.

अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तात तथागतांनी कोलिय दीघजाणूला समजीवितेचा उपदेश केला आहे. तागडी धरणाऱ्याला कोणते पारडे झुकले हे जसे कळते, तसे गृहस्थाने आय आणि व्यय जाणून जगावे. बाबासाहेबांनी लंडनमध्ये हे व्रत कठोरपणे पाळले. परंतु तागडीचे वजनच कोणी बदलत असेल, तर एकट्याची काटकसर पुरत नाही, हेही त्यांनी ओळखले. म्हणून पोटाला चिमटा घेत असतानाच ते वजनाचा विचार करीत राहिले. आज आमची मुले उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात, तेव्हा त्यांनी पैशाचा हिशेब ठेवावा. त्याबरोबर पैशाचे मोल कोण ठरवितो, हा प्रश्नही विचारावा. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा हा वारसा आहे, असे आम्हांस वाटते.